कोंड्यातल्या अळ्या : सांगलीजवळच्या हरिपूरच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

पार्सल आलं. पुण्याहून, बुटाच्या खोक्याएवढं, वर भोकं पाडलेलं. आत चुरगाळलेलं वर्तमानपत्र आणि ५०० मीलवर्म, म्हणजे पिठात-धान्यात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या. मोजल्या, ४८६ जिवंत निघाल्या. मोजण्यात दीड तास गेला. यापुढे मोजणार नाही, वजन करणार. हळदीच्या अडतीत दिवाणजी असल्याचा एवढा फायदा, घरात छोटा काटा आहे. ४८६ अळ्यांचे ४१ ग्रॅम भरले.

कारणं दोन. अकरा कोंबड्यांपैकी सात जणींची पिसं झडतायत, अंडी जवळजवळ बंद. पिसं म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, आणि खुराड्यात जातो मका आणि तांदळाची कणी. दुसरं कारण मुलीचा ऑस्कर मासा. त्याने गोळीखाद्य तोंडात घेऊन थुंकायचा नेम धरलाय.

आईने खोक्यात डोकावून पाहिलं. "आयुष्यभर गव्हातलं किडं वेचलं, आन् तू इकत आणलंस व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मांडणी: धुण्याचा पसरट प्लॅस्टिकचा टब, बाजू गुळगुळीत. गुळगुळीत भिंतीवर अळीला चढता येत नाही, त्यामुळे बाजूने बाहेर यायची भीती नाही. तळाला तीन बोटं गव्हाचा भुसा, वर गाजराच्या चकत्या. पाणी वाटीत ठेवायचं नाही, बुडून मरतात आणि भुसा कुजतो. गाजर हेच पाणी. मी टबावर घट्ट झाकण लावलं तर आई म्हणाली, "पेव करून ठेवू नगंस त्याचं."

हरिपूरबाहेरच्यांसाठी: पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड लिंपून बंद केलं की आतली हवा संपते आणि किडा जगत नाही, हीच त्यातली करामत. उघडल्यावर आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर माणसाने उतरायचं नाही. २००५ च्या पुरात आमच्याकडची बरीच पेवं गेली. आजोबांनी त्यात हळद भरलेली आईने पाहिली आहे. मी झाकणाचा मधला भाग कापून तिथे जाळी बसवली.

१२ नोव्हेंबर

मुलीला वहीत लिहून हवं होतं म्हणून इथेही लिहितो. नाव टेनेब्रिओ मॉलिटर, लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं. टेनेब्रिओ म्हणजे अंधारप्रेमी, मॉलिटर म्हणजे गिरणीवाला. अंडं, अळी, कोष, भुंगेरा अशा चार अवस्था. आपण ज्याला किडा म्हणून टाकून देतो तो पिवळसर, कडक अंगाचा तुकडा म्हणजे या भुंगेऱ्याचं बालपण. वाढताना बऱ्याच वेळा कात टाकते. नुकतीच कात टाकलेली अळी दुधासारखी पांढरी दिसते, मग हळूहळू पिवळी पडते. पांढरी दिसली म्हणून रोगट समजून मी तीन फेकल्या, त्या उगाच गेल्या.

पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान यांना मानवतं. सकाळी स्वयंपाकघरात १९ होतं.

१६ नोव्हेंबर

भुसा संपत आला. दुकानाच्या भुशात मला छोटे तांबडे किडे दिसले होते, म्हणून यावेळी घरचा कोंडा वापरला. परवा गिरणीतून दळण आणलं होतं, त्यातून चाळून निघालेला. स्वच्छ, ताजा, फुकट.

१९ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय. अळ्या वर येऊन पसरल्यात. एरवी झाकण उघडलं की सगळ्या खाली घुसतात, आज तशाच पडून. बोटाने हलवलं तर वळवळतात, पण आळसावल्यासारख्या. गाजर तसंच.

२१ नोव्हेंबर

काळ्या पडलेल्या ३८ उचलल्या.

२३ नोव्हेंबर

आणखी ४४. आणि कारण सापडलं. आई गव्हाच्या डब्यात हात घालत होती, हाताला पांढरं लागलं. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना बोरिक पावडर चोळून ठेवतो, दर घरात असतंच. आम्ही गहू धुऊन दळत नाही, नुसता निवडतो. म्हणजे पावडर दाण्याच्या सालीवर, साल म्हणजे कोंडा, आणि कोंडा चाळून मी तो सगळा एकवटून अळ्यांना वाढला. किडे मरावेत म्हणून लावलेल्या पावडरने किडे मेले, यात तक्रार कुणाकडे करायची?

सगळा कोंडा काढला. मेलेल्या अळ्या कोंबड्यांना दिल्या नाहीत, परसात खड्डा करून पुरल्या. दुकानातून नवीन भुसा, पाच किलो, ३० रुपये किलोने. तो पिशव्यांत भरून दोन दिवस फ्रिजरमध्ये ठेवला, म्हणजे त्यातले पोरकिडे आणि अंडी मरतील. बायकोने विचारलं, कुल्फीच्या खणात हे काय? सांगितलं.

(आता गहू कधी धुवायचा यावर घरात चर्चा सुरू झाली आहे. ते या नोंदींचं काम नाही.)

१० डिसेंबर

पहिले कोष. चौदा. अळी आखडते, इंग्रजी सी अक्षरासारखी वळते, दोन-तीन दिवस मेल्यासारखी पडते, मग कात मागे सरकून आतून पांढरा कोष निघतो. त्याला पाय आहेत, पंखांच्या कळ्या आहेत, सगळं अंगाला चिकटवून घडी घातल्यासारखं. बोट लावलं तर पोट डावी-उजवीकडे झटकतो, बाकी काही करत नाही.

कोष वेगळे काढणं गरजेचं. अळ्या भुकेल्या असल्या, विशेषतः ओलाव्याला भुकेल्या असल्या, तर कोषांना कुरतडतात. चहाच्या चमच्याने उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवले. चिमटा वापरला तर एक फुटला.

रात्रीचं तापमान १४ पर्यंत उतरतंय. टब फ्रिजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे सरकवला. तिथे २३-२४ मिळतं.

२८ डिसेंबर

भुंगेरे निघतायत. निघतो तेव्हा पांढुरका आणि मऊ, दुसऱ्या दिवशी तपकिरी, मग लालसर, आठवड्याभरात काळा. मुलगी म्हणाली, चहा उकळताना रंग येतो तसं. पंख आहेत पण उडत नाहीत, निदान आमच्या घरात एकही उडालेला नाही. पाली मात्र टपून असतात.

१४ जानेवारी, संक्रांत

अंडी घेण्याची सोय केली. दुसऱ्या टबाचा तळ कापून तिथे स्टीलची बारीक जाळी चिकटवली. भुंगेरे जाळीवर, वर थोडा भुसा. मादी अंडी घालते ती भुशात, अंडी जाळीतून खालच्या टबात पडतात, भुंगेरे वरच राहतात. हे न केल्यास भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात. प्लॅस्टिकची डासांची जाळी आधी लावली होती, चार दिवसांत तिला कोपऱ्यात भोक.

मादी आयुष्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. माझ्याकडे ३४० भुंगेरे, निम्म्या माद्या धरल्या तर आकडा तीस हजारांच्या वर जातो. मुलीने तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. मी खाली लिहिलं, "कागदावर."

अंडी दिसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. दीड-दोन मिलिमीटर, पांढरं, चिकट, आणि बाहेर आल्याबरोबर अंगाला पीठ लागून पीठच होतं. दर दहा दिवसांनी खालचा टब बदलायचा, तारीख लिहायची आणि विश्वास ठेवून बसायचं.

१ फेब्रुवारी

काही नाही.

९ फेब्रुवारी

पहिल्या टबात भिंगाने बघत बसलो. दहा मिनिटं काहीच नाही. मग भुसा हलला. भुसा स्वतःहून हलतो, हेच त्यांचं पहिलं दर्शन. दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या, शेकड्यांनी. बटाट्याची पातळ चकती ठेवली, संध्याकाळी उचलली तर खालून पिठाचे कण लोंबल्यासारखे चिकटलेले. यांना गाजराच्या जाड चकत्या द्यायच्या नाहीत, खाली ओल धरते.

२ मार्च

थर्माकोल. मुलीच्या शाळेत कुणीतरी सांगितलं की या अळ्या थर्माकोल खातात. खरं आहे. स्टॅनफर्डच्या आणि चीनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे, शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम खातात. तिने एका डब्यात तुकडा टाकून पाहिला, आठवड्यात त्यात बोगदे झाले. मग तिने गणित केलं: टीव्हीच्या खोक्यातला पाव किलो थर्माकोल संपवायला शंभर अळ्यांना अठरा-एकोणीस वर्षं. प्रयोग तिथेच थांबला. त्या डब्यातल्या अळ्या कोंबड्यांना द्यायच्या नाहीत, डब्यावर लाल रेघ मारली.

२३ मार्च

चाळण्यांचं शास्त्र आता जमलं. मैद्याच्या चाळणीतून विष्ठा पडते, ती वाळूसारखी कोरडी असते आणि वास फारसा नाही. रव्याच्या चाळणीतून बारीक अळ्या. गव्हाच्या चाळणीत वर राहतात त्या मोठ्या. अडचण कातीची. हजारो काती, हलक्या, पिवळ्या, चाळणीत अळ्यांबरोबरच राहतात. मी फुंकून उडवत होतो आणि शिंकत होतो.

आईला बघवेना. "आण इकडं." तिने सूप घेतलं, दोन मुठी त्यात घातल्या, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि पाखडायला लागली. मनगटाचे तीन झटके, काती उडून तुळशीपलीकडे, अळ्या सुपाच्या मागच्या अंगाला गोळा. माझं पाऊण तासाचं काम पाच मिनिटांत. वर म्हणाली, "जोंधळ्यापेक्षा जड हायती, सोपं पडतंय." सूप मात्र वेगळं घेतलं पाहिजे अशी अट आहे. जुनं, कडा उसवलेलं सूप आता अळ्यांचं.

शिंकांबद्दल: अळ्यांच्या धुळीची काहींना ॲलर्जी होते, कोळंबी न चालणाऱ्यांनी जास्तच जपावं. मी तोंडाला रुमाल बांधतो. विष्ठा मिरचीच्या रोपांना घातली.

१२ एप्रिल

दुपारी ३९. टबात थर्मामीटर खुपसला तर ४२. अळ्या दाटीने असल्या की त्यांच्याच अंगाची उष्णता साठते आणि खोलीपेक्षा टब जास्त तापतो. हे माहीत होतं, पण २३ अंशांत बसून माहीत असणं वेगळं. मधला थर सगळा मेला, वजनाने साधारण पावशेर. वास कळला तेव्हा उशीर झाला होता.

उपाय: एका टबाचे चार केले, प्रत्येकात दोन बोटांपेक्षा जास्त थर नाही. मोरीशेजारच्या फरशीवर ठेवले, भोवती ओलं गोणपाट टांगलं, टबाला न टेकवता. २९-३० पर्यंत येतंय.

एक क्षण मनात आलं, परसातलं जुनं पेव थंड असतं. आईकडे बघितलं आणि विचार सोडून दिला.

२० एप्रिल

अडतीत एक ओळखीचे गृहस्थ आले, त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, "साहेब, मोठं करा. अमुक इतके भरा, बियाणं आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो." माल आम्हीच उचलतो, हे वाक्य आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांचे असेच करार झाले होते, आणि कितीतरी लोकांचे पैसे आणि पक्षी दोन्ही गळ्यात राहिले. शेजारच्या गल्लीतल्या एकाने तर खुराड्याचे पत्रे अजून विकलेले नाहीत. गृहस्थांना चहा पाजला.

११ मे

काढणी. मोठ्या अळ्या ६२० ग्रॅम.

हातावर घेऊन खुराड्यात उभा राहिलो. तांबडी, जी एरवी माणसाला बघून पळते, ती मनगटावर चढली. एक अळी उचलते, डोकं झटकते, गिळते, पुढची. कोंबडा खात नाही, उचलतो, टाकतो, घशातून आवाज काढून माद्यांना बोलावतो आणि मग बाकीच्या खातात तेव्हा ऐटीत बघतो. ऑस्करला चार अळ्या दिल्या, एकही थुंकली नाही. आठवड्यातून दोनदाच द्यायच्या ठरवल्या, चरबी भरपूर असते.

पत्र्याच्या डब्यात अळ्या नेतो. डबा खुळखुळला की आता सगळ्या धावतात.

२९ मे

यंदा मे महिन्यातच पावसाळा. सर्दाळलेली हवा, भिंतीला ओल. टबाच्या कडेला बारीक राखाडी धूळ दिसली, बोट फिरवलं तर धूळ चालायला लागली. माइट, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी कोळीकीड. भुसा ओलसर झाला की येतातच. गाजर बंद, सगळं चाळलं, भुसा बदलला, नवीन भुसा कढईत कोरडा भाजून गार करून घातला. दोन टब वाचले, एक टाकून द्यावा लागला, त्यात बुरशीही होती. आता गाजर सकाळी ठेवतो आणि संध्याकाळी उरलेलं काढतो. रात्रभर नाही.

त्याच आठवड्यात मुंग्या. जुन्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या ना, तसं फळीच्या चारही पायांखाली वाट्या ठेवल्या. पाण्यावर धूळ साचली की मुंग्या तिच्यावरून चालत जातात, म्हणून पाणी रोज बदलायचं.

३० जून

हिशेब. दिवाणजी असल्याने हा टाळता येत नाही.

मे-जून मिळून काढणी १ किलो ४०० ग्रॅम. भुसा गेला साडेपाच किलो, त्यात फेकलेला धरून. नीट पाळल्या तर एक किलो अळ्यांना साधारण दोन-सव्वादोन किलो खाद्य लागतं असं म्हणतात, माझं चारच्या आसपास गेलं. उष्णता, माइट आणि बोरिक यांच्या खात्यावर तो फरक.

एक कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. अकरा कोंबड्या म्हणजे सव्वा किलो. म्हणजे आठ महिन्यांची माझी काढणी म्हणजे कोंबड्यांचं एका दिवसाचं जेवण. तेही ताज्या अळीत साठ टक्क्यांच्या वर पाणी असतं हे सोडून. प्रथिन ताज्या वजनाच्या पंचमांशाच्या आसपास. ज्यांना वाटतं की घरच्या टबातून कोंबडीखाद्याचा खर्च वाचेल, त्यांनी आधी हा परिच्छेद वाचावा. भुसा आपण विकत आणतो, त्याची अळी होते आणि वाटेत निम्म्याहून जास्त भुसा जातो. हॉटेलचं उरलेलं किंवा भाजीचा कचरा फुकट मिळणाऱ्याचं गणित वेगळं असेल.

अळीत कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस जास्त, त्यामुळे अंडी देणाऱ्या कोंबडीला यावर सोडून चालत नाही. शिंपल्यांचा चुरा चालूच.

मग बंद करायचं का? आई म्हणाली, "बंद कशापायी? पिल्लांना घाल." पांढरी खुडूक बसली आहे, नऊ अंड्यांवर.

१४ जुलै

सात पिल्लं. तिसऱ्या दिवसापासून बारीक अळ्या, प्रत्येकी दोन-तीन, मऊ पांढऱ्या निवडून. मागच्या वर्षी याच कोंबडीची पिल्लं महिनाभर किरटी राहिली होती. यंदा पंखाची पिसं लवकर फुटली असं मला वाटतं. आईला तर खात्रीच आहे.

मुलीने माझ्या आईला सांगितलं की युरोपात २०२१ पासून हीच वाळवलेली अळी माणसांना खायला परवानगी आहे. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "त्यांच्याकडं भाजी मिळत न्हाई व्हय?"

२९ जुलै, नागपंचमी

आज घरात विळी-सुरीला हात लावायचा नाही, चिरायचं नाही. अळ्यांसाठी गाजर कसं चिरणार? मी म्हटलं, हे काही स्वयंपाक नाही. आई म्हणाली, चिरणं ते चिरणं. कोबीचं पान हाताने फाडून टाकलं. अळ्यांनी ते गाजरापेक्षा आधी संपवलं.

१९ ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज. सगळ्यांच्या फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं त्याचे आकडे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. पाणी अजून गल्लीपासून लांब आहे, पण २०१९ नंतर कुणी वाट बघत नाही.

दुपारपासून सामान वर. गव्हाचे डबे, फ्रिज जागेवरच पण विटांवर, ऑस्करची टाकी निम्मी रिकामी करून तिघांनी उचलली. अळ्यांचे टब सगळ्यात हलके, ते मुलीने एकटीने नेले.

कोंबड्या राहिल्या. २०१९ ला त्यांना पकडण्यात आख्खी संध्याकाळ गेली होती, दोन विहिरीकडे पळाल्या त्या परत दिसल्या नाहीत. आजही शेजारी काठ्या घेऊन पावसात धावत होते. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून डबा खुळखुळवला. तांबडी पहिली आली. मग बाकीच्या, चिखलातून, एकमेकींना ढकलत. एकेक पायरी वर चढत गेलो, दर पायरीवर चार अळ्या टाकत. गच्चीच्या दारापर्यंत दहा कोंबड्या आणि कोंबडा. पांढरी आणि पिल्लं टोपलीत आईने आधीच नेली होती.

डबा रिकामा झाला तेव्हा कोंबडा अजून शेवटच्या पायरीवर उभा राहून बोलावत होता.

गच्चीवरच्या खोलीत रात्री २६ अंश. भुंगेऱ्यांचा टब बदलायची तारीख उद्याची आहे, जाळीचा टब खालीच राहिला. सकाळी पाणी बघून आणतो.